दुसऱ्या शनिवारचा ईमेल रोज का जातो?

प्रश्न : जामबागला विवेकवर्धिनीच्या परिसरात आमचं छोटं वाचनालय आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी ९ वाजता सभासदांना वर्गणीचा ईमेल जावा म्हणून क्रॉनमध्ये '० ९ ८-१४ * ६' लिहिलं. ईमेल ८ ते १४ तारखेला रोज जातो, शिवाय प्रत्येक शनिवारी, आणि तोही दुपारी अडीचला!

उत्तर : रकान्यांचा क्रम बरोबर आहे : मिनिट, तास, तारीख, महिना, वार. पण तारीख आणि वार दोन्ही भरले की क्रॉन 'आणि' नव्हे, 'किंवा' धरतो. ही जुनी खोड भल्याभल्यांना चकवते. वाराच्या जागी * ठेवा आणि 'आज शनिवार आहे का' ही तपासणी ईमेलच्या आज्ञेआधी घाला. त्यात 'डेट'सोबत % येईल; त्याच्याआधी \ हवंच, नाहीतर क्रॉन आज्ञा तिथेच तोडतो.

अडीचचं कारण म्हणजे तुमचा सर्व्हर यूटीसीवर चालत असणार. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे, म्हणून सुरुवातीला '३० ३' लिहा. अंक मात्र इंग्रजीच टाइप करा.

सभासदांना पुन्हा मनस्ताप नको. पुढचे दोन महिने ईमेल फक्त स्वतःच्या पत्त्यावर मागवा, मगच यादी जोडा.