रसायनशास्त्र आवडतं, चित्रही येतं; मग कॉम्प्युटरच का?

सीईटीचा निकाल लागला की दरवर्षी तेच प्रश्न येतात. इतक्या पर्सेंटाइलला कॉम्प्युटर मिळेल का? नाही मिळालं तर एआय-डेटा सायन्स घ्यावं का? मॅनेजमेंट कोट्यातून घेतलं तर चालेल का? मुलाला किंवा मुलीला काय आवडतं, हे बहुतेक पालक विचारतच नाहीत. इंजिनिअरिंग, मेडिकल, सीए यांची माहिती गल्लोगल्ली मिळते, तेव्हा त्यावर इथे जागा घालवत नाही. पण ज्याला रसायनशास्त्र मनापासून आवडतं, ज्याचा चित्रकलेत हात बसलेला आहे आणि ज्याला इतिहासाचा कंटाळा नाही, त्याला केवळ शेजारच्याचा मुलगा गेला म्हणून कॉम्प्युटरला ढकलणं चूक आहे. अशा मुलांसाठी कलासंवर्धन हे क्षेत्र आहे. त्याची खोली पाहायची तर युरोपातल्या मध्ययुगीन चर्चकडे पाहावं.

इटलीत असिसीच्या सेंट फ्रान्सिस बॅसिलिकात चिमाबुए या चित्रकारानं तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात येशूच्या क्रूसावरील मृत्यूचं भित्तिचित्र काढलं. त्यात जे चेहरे आणि वस्त्रं उजळ असायला हवीत, ती आज काळपट तपकिरी दिसतात, फोटोच्या निगेटिव्हसारखी. चित्रकारानं वापरलेला शिशाचा सफेदा भिंतीवर ऑक्सिडीकरण होऊन काळा पडला. रंग कशामुळे बदलला हे रसायनशास्त्र सांगतं. पण तो पूर्ववत करायला हात घालावा की आहे तसा जपावा, हे ठरवायला त्या काळची चित्रपद्धतीही कळावी लागते. याच चर्चच्या कमानदार छताचा काही भाग 26 सप्टेंबर 1997 च्या भूकंपात कोसळला, चौघांचा जीव गेला आणि भित्तिचित्रांचे लाखो तुकडे झाले. रंगाची छटा, कुंचल्याचा फटकारा, गिलाव्याचा पोत पाहून ते तुकडे जुळवण्यात संवर्धकांची वर्षं गेली.

‘म्हणजे कॉम्प्युटरला इथे कामच नाही?’ आहे, आणि भरपूर आहे. अँड्र्यू टॅलन या कला-इतिहासकारानं पॅरिसच्या नोत्र दाम चर्चची लेझर स्कॅनरनं बारकाईनं मोजणी करून ठेवली होती. 15 एप्रिल 2019 ला छताचा ओक लाकडाचा मध्ययुगीन सांगाडा जळाला, तेव्हा पुनर्बांधणीत ती मोजमापं कामी आली. पण कुठे काय मोजायचं, हे त्याला गॉथिक बांधणीच्या अभ्यासातून कळत होतं.

‘आपल्याला युरोपातल्या चर्चशी काय करायचंय?’ हा आक्षेप गोव्याकडे पाहिलं की गळून पडतो. जुन्या गोव्याचं बॉम जेझस बॅसिलिका मध्ययुगीन नाही, सोळाव्या-सतराव्या शतकांच्या सांध्यावरचं आहे. पण 1950 च्या दशकात त्याचा बाहेरचा गिलावा काढला गेला आणि तेव्हापासून जांभा दगड पाऊस झेलतो आहे. गिलावा पुन्हा चढवावा का, यावर वाद आहे. असा वाद सोडवायला चुना, क्षार आणि ओल यांचं गणित जाणणारी माणसं लागतात, आणि ती आपल्याकडे फार थोडी आहेत.

पैशाचा आक्षेप मात्र खरा आहे. सुरुवातीचा पगार आयटीच्या जवळपासही नसतो, जागाही मोजक्या असतात. घरावर कर्ज असेल, लगेच कमावणं भाग असेल, तर या वाटेला जाऊ नये, आणि त्यात कमीपणा नाही. पण ज्या घरात परवडतं, तिथे ‘लोक काय म्हणतील’ एवढ्यासाठी नकार देणारे पालक स्वतःची भीती मुलावर लादत असतात. फी तुम्ही भराल, पण पुढची चाळीस वर्षं काम त्याला करायचं आहे.

बी. एस्सी.ला रसायनशास्त्र घ्या आणि चित्रकला सोडू नका. वास्तुकलेकडे ओढा असेल तर बी. आर्क. करून दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये संवर्धनाचं पदव्युत्तर शिक्षण घेता येतं. रोममध्ये 1939 साली स्थापन झालेल्या सरकारी संवर्धन संस्थेत पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तिथल्या प्रवेश परीक्षेत हाताचं कसब तपासतात आणि शिकवणी इटालियनमध्ये चालते. म्हणून भाषेचा वर्ग पदवीच्या पहिल्याच वर्षी लावा, शेवटच्या वर्षाची वाट पाहू नका.