मांस निघालं, आता पाणी सांभाळ

बाळा, डोळ्यातलं वाढलेलं मांस काढून आलास, बरं केलंस. पण मांस डॉक्टर काढतो, पाणी आपण राखायचं असतं. एवढं ऐक, मग खुशाल वैताग माझ्यावर.

१. पहिले काही दिवस खडा टोचल्यासारखं होईल, पाणी गळेल, घाबरू नकोस — खाचरात उंचवटा असला की पाणी सारखं बसत नाही, तसा त्या मांसानं अश्रूंचा थर विस्कटला होता. आता जागा सपाट झाली, तरी थर बसायला महिना-दोन महिने जातात.

२. डोळा चोळू नकोस, रात्री प्लास्टिकचं झाकण लाव — मांस काढलं तिथं बहुधा तुझ्याच डोळ्याचं पातळ आवरण टाक्यानं किंवा गोंदानं बसवलेलं असतं. डोळा चोळला, टाका ढळला!

३. लाली गेली म्हणून ड्रॉप बंद करू नकोस, नि मेडिकलमधून मनानं नवी बाटलीही आणू नकोस — त्यातलं स्टेरॉइड मध्येच सोडलं तर सूज उलटते, लांबवलं तर डोळ्याचा दाब वाढतो, आणि तो दाब बहुतेकदा दुखतही नाही.

४. दोन ड्रॉपमध्ये पाच-दहा मिनिटं जाऊ दे — दुसरा पहिल्याला धुऊन नेतो.

५. कुणी मध घाल म्हणेल, कुणी गुलाबपाणी; मान डोलव, घालू नकोस — ओल्या जखमेत जंतू शिरतात. सल्ला कानात, ड्रॉप डोळ्यात.

६. राब भाजताना वाऱ्याकडे पाठ कर, झोडणीला चष्मा घाल — धूर नि भुसा अश्रूंचा थर मोडतात.

७. डॉक्टर हो म्हणेपर्यंत लावणीला उतरू नकोस, भाटघर धरणाच्या पाण्यातही नाही. पुढंही खांद्यावर धुतलेलं फडकं ठेव — चिखलाचा हात सवयीनं डोळ्याकडेच जातो.

८. टोपी आणि कडा झाकणारा, अतिनील किरण अडवणारा गॉगल वापर — हे मांस मुळात उन्हानं वाढतं, आणि भरल्या खाचरातून ऊन खालूनही डोळ्यात येतं.

९. मोबाइल बघताना आठवणीनं पापण्या मिटत-उघडत राहा — टक लावली की थर सुकतो. एसटीतही वारा लागणारी खिडकीची जागा दुसऱ्याला दे, पुण्य लागेल.

१०. दुखणं वाढलं, पू आला किंवा धूसर दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठ. एरवीही वर्षभर तपासणी चुकवू नकोस — मांस परतायचं तर बहुधा पहिल्याच वर्षात परततं, आणि थर पुन्हा बिघडतो. वेल्ह्याहून पुणं लांब वाटलं तर सांग, सोबत येईन. नाश्ता मात्र तुझ्याकडून.