घटक ४ : किनारी कोळंबीचे वितरण आणि नदीचे पाणी

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणास –
• किनारी कोळंबीच्या जीवनचक्रातील टप्पे सांगता येतील.
• कोळंबीच्या वितरणावर परिणाम करणारे पर्यावरणीय घटक स्पष्ट करता येतील.
• गोदावरी खोऱ्यातील पाणी आणि तिच्या मुखाजवळील कोळंबी यांचा संबंध विशद करता येईल.

४.१ प्रास्ताविक

नांदेड आणि लातूर ही दोन्ही शहरे समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, दख्खनच्या पठारावर वसलेली आहेत. येथील अनेकांना समुद्राची ओळख होते ती बाजारातल्या सुकटीपुरतीच. तरीही या प्रदेशाचे समुद्राशी एक जुने नाते आहे, आणि ते नदीने जोडलेले आहे. त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावणारी गोदावरी पैठण, नांदेड असा प्रवास करीत, सुमारे १,४६५ किलोमीटर अंतर कापून बंगालच्या उपसागराला मिळते. बालाघाटच्या डोंगरात उगम पावणारी मांजरा लातूर जिल्ह्यातून वाहत जाऊन महाराष्ट्र-तेलंगण सीमेजवळ कंदकुर्ती येथे गोदावरीत विलीन होते. म्हणजे नांदेडचे आणि लातूरचे पाणी अखेरीस एकाच मुखाकडे जाते.

‘नदीचे पाणी समुद्रात वाया जाते’, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. हे विधान कितपत खरे आहे, याचा विचार आपण कोळंबीच्या उदाहरणाने करणार आहोत.

४.२ कोळंबीचे जीवनचक्र

वाघी कोळंबी आणि पांढरी कोळंबी या आपल्या किनाऱ्यावरील महत्त्वाच्या जाती होत. त्यांची मादी खुल्या समुद्रात अंडी सोडते. अंड्यांतून बाहेर पडलेले सूक्ष्म डिंभ प्रवाहाबरोबर तरंगत राहतात आणि अनेक रूपांतरांनंतर, साधारण दोन-तीन आठवड्यांत, त्यांना पिलांचे रूप येते. ही पिले भरतीच्या पाण्याबरोबर खाड्यांत व नदीमुखांत शिरतात, तेथे काही महिने वाढतात आणि प्रौढ होण्यासाठी पुन्हा समुद्राकडे परततात. एकाच प्राण्याला अशी दोन घरे लागतात. त्यांपैकी एक जरी बिघडले, तरी दुसरे ओस पडते.

सर्वच जाती मात्र असे करीत नाहीत. पॅरापेनिऑप्सिस स्टायलिफेरा ही पश्चिम किनाऱ्यावरील कोळंबी आपले सारे आयुष्य समुद्रातच काढते. म्हणूनच ‘कोळंबी कोठे आढळते?’ या प्रश्नाचे उत्तर जातीनुसार आणि वयानुसार बदलते.

४.३ वितरण ठरविणारे घटक

(अ) क्षारता : समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. नदीमुखात हे प्रमाण पावसाळ्यात जवळजवळ शून्यावर येते आणि उन्हाळ्यात पुन्हा वाढते. लहान पिले हा चढउतार चांगला सोसतात. प्रौढ कोळंबीला मात्र समुद्राची स्थिर क्षारता अधिक मानवते. महापुराने पाणी एकाएकी गोडे झाले, तर पिलेही वेळेआधीच समुद्राकडे लोटली जातात.

(आ) तापमान : उष्णकटिबंधीय कोळंबी उबदार पाण्यात वेगाने वाढते. आपल्या किनाऱ्यावर वर्षभरात तापमानाचा फरक तुलनेने कमी असल्याने नदीमुखात क्षारतेचा प्रभाव अधिक जाणवतो.

(इ) तळ व आश्रय : कोळंबी दिवसा मऊ गाळात वा वाळूत स्वतःला पुरून घेते. कांदळवनाची मुळे पिलांना शत्रूंपासून आडोसा देतात, तर कुजणारी पाने अन्नसाखळीला आधार देतात.

(ई) प्राणवायू : नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात केरळच्या किनाऱ्यावर खोल समुद्रातील थंड, अल्प प्राणवायूचे पाणी वर येते. तळाशी राहणारे अनेक जीव अशा वेळी ते पाणी टाळून सरकतात.

यांपैकी कोणताही घटक एकटा कार्य करीत नाही, हे लक्षात ठेवावे.

४.४ गोदावरीच्या मुखाशी

आंध्र प्रदेशात धवळेश्वरमच्या खाली गोदावरीचा त्रिभुज प्रदेश सुरू होतो. काकीनाड्याजवळील कोरिंगाचे विस्तीर्ण कांदळवन हे कोळंबीच्या पिलांचे संगोपनस्थान आहे. तेथील निमखारे पाणी, गाळ आणि पोषकद्रव्ये यांची घडण नदीच करते.

नदीचा प्रवाह घटला की समुद्राचे खारे पाणी आत सरकते. धरणांमागे गाळ अडला की त्रिभुज प्रदेशाला नवी माती मिळेनाशी होते. बंधाऱ्यांचा दुसराही परिणाम आहे. ‘गोदावरी कोळंबी’ म्हणून ओळखली जाणारी मॅक्रोब्रॅकियम माल्कमसोनाय ही जात नदीत राहते. पण तिच्या डिंभांना वाढण्यासाठी निमखारे पाणी लागते आणि वाढलेली पिले प्रवाहाविरुद्ध वर चढतात. त्यांची वाट बंधाऱ्यापाशी अडते.

४.५ चिकित्सा

याचा अर्थ धरणे नकोत, असा होत नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ज्या शहराने असा उन्हाळा पाहिला, त्याला पाणी साठवू नका, असे सांगणे निर्दयपणाचे ठरेल. पैठणचा नाथसागर असो वा नांदेडजवळचा विष्णुपुरी प्रकल्प, त्यांवर शेती आणि तहान अवलंबून आहे. मात्र साठवणे आणि समुद्राकडे जाणाऱ्या प्रत्येक थेंबाला ‘वाया गेलेला’ म्हणणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मुखाशी पोहोचणारे पाणी तेथील कोळंबीचे आणि तिच्यावर जगणाऱ्या मच्छीमार कुटुंबांचे भांडवल असते. किती पाणी अडवावे, याबरोबरच किती आणि केव्हा वाहू द्यावे, हाही नियोजनाचाच प्रश्न आहे.

४.६ सारांश

कोळंबीचे वितरण क्षारता, तापमान, तळ, आश्रय व प्राणवायू यांच्या एकत्रित परिणामातून ठरते. अनेक जातींना समुद्र आणि नदीमुख ही दोन्ही अधिवासस्थाने लागतात. त्यामुळे नदीच्या वरच्या खोऱ्यातील पाण्याच्या वापराचा प्रभाव दूरच्या किनाऱ्यावरही पडतो.

४.७ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. कोळंबीला ‘दोन घरे’ लागतात, हे विधान जीवनचक्राच्या आधारे स्पष्ट करा.
२. नदीमुखात तापमानापेक्षा क्षारतेचा प्रभाव अधिक का जाणवतो?
३. आपल्या गावाजवळील ओढा वा नदी पुढे कोणत्या नदीला व कोणत्या समुद्राला मिळते, याचा नकाशावरून शोध घ्या आणि ‘नदीचे पाणी समुद्रात वाया जाते’ या विधानावर दहा-बारा ओळींत आपले मत लिहा.