एक दिवस रत्नागिरीचा : सहलीची आखणी आपली आपणच करू



आपण गटात कर्जाची आखणी करतो, धंद्याची आखणी करतो, ग्रामसंघाचा वर्षाचा आराखडा करतो. या वेळी आपण सहलीची आखणी शिकणार आहोत. "त्यात काय शिकायचं? गाडीत बसलं की झालं," असं कुणी म्हणेल. मीसुद्धा असंच समजत होते. म्हणून आधी माझी चूक सांगते.

पहिल्या वर्षी आम्ही गणपतीपुळ्याला अभ्यास सहल नेली. दोन रात्री समुद्रकाठी मुक्काम आणि मधला एक दिवस रत्नागिरी शहर. अख्खं वेळापत्रक मी एकटीने ऑफिसात बसून केलं. कागदावर आठ ठिकाणं लिहिली आणि दिवस ठरवला सोमवार! थिबा राजवाड्यापाशी पोचलो तर संग्रहालय बंद. सोमवारी सुट्टी असते, हे मी आधी विचारलंच नव्हतं. जेवायला तीन वाजले. शुगरच्या गोळ्या घेणाऱ्या एका मावशींना चक्कर आली. संध्याकाळ झाली म्हणून किल्ला खालूनच बघितला.

परत आल्यावर बैठकीत मी विचारलं, "काय काय पाहिलं?" थोडा वेळ कुणी बोलेना. मग एक ताई म्हणाल्या, "म्याडम, खरं सांगू का? तुम्ही उतरा म्हटलं की उतरायचं, चढा म्हटलं की चढायचं. घरात तरी आम्ही दुसरं काय करतो?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या वर्षी मी फक्त फळा आणि खडू पुरवला. आखणी चोवीस जणींनी केली. ती कशी केली, तेच पायरी-पायरीने लिहिते.

पायरी १ : कुठे जायचं आणि कशासाठी?

गणपतीपुळ्याहून आरे-वारेच्या किनाऱ्यालगतच्या रस्त्याने रत्नागिरी साधारण २५ किलोमीटर आहे. शहरात बघण्यासारखं खूप आहे: तिन्ही बाजूंनी समुद्र असलेला रत्नदुर्ग आणि त्यावरचं भगवतीचं देऊळ, लोकमान्य टिळकांचा १८५६ साली जन्म झाला ते घर, थिबा राजवाडा, पतितपावन मंदिर, मांडवीचा किनारा, मिरकरवाड्याचं मासळी बंदर, भाट्ये इथलं नारळ संशोधन केंद्र.

आम्ही प्रत्येक ठिकाणाचं नाव आणि चित्र जमिनीवर मांडलं. प्रत्येकीला तीन चिंचोके दिले. जे बघायचं असेल त्या चित्रावर चिंचोका ठेवायचा, पण ठेवताना "कशासाठी" ते बोलायचं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचंही मत इथे सारखंच मोजलं जातं. कुणी म्हणालं, "नारळाच्या रोपांचं बघायचंय, परड्यात लावायचीत." कुणी म्हणालं, "किल्ला कधी चढलेच नाही."

चार ठिकाणं निवडून आली: रत्नदुर्ग, पतितपावन मंदिर, थिबा राजवाडा आणि भाट्याचं नारळ केंद्र. टिळकांचं जन्मघर एका चिंचोक्याने मागे राहिलं. थोडी कुरकुर झाली, पण सोडून देणं हाही आखणीचाच भाग आहे.

पायरी २ : दिवस कोणता?

सरकारी संग्रहालयं सहसा सोमवारी बंद असतात. संशोधन केंद्रं आणि सरकारी कार्यालयं शनिवार-रविवारी बंद असतात. मग राहिले मंगळवार ते शुक्रवार. संशोधन केंद्राला पंधरा दिवस आधी ग्रामसंघाच्या लेटरहेडवर पत्र द्यावं. किती जणी येणार, किती वाजता येणार आणि काय समजून घ्यायचं आहे, ते पत्रात स्पष्ट लिहावं. आदल्या दिवशी फोन करून खात्री करावी.

महिना बघताना शेतीची कामं, मुलांच्या परीक्षा आणि सणवार तिन्ही बघा. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे तेव्हा नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला.

पायरी ३ : वेळ उलटी मोजा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. आपण नेहमी "सकाळी किती वाजता निघायचं" इथून सुरुवात करतो. तसं न करता परत किती वाजता पोचायचं, तिथून सुरुवात करा.

आरे-वारेचा रस्ता वळणाचा आणि चढउताराचा आहे. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणून अंधार पडायच्या आत परतायचं ठरलं, म्हणजे शहरातून पाच वाजता निघायचं. सकाळी आठला मुक्कामाहून निघालो तर हातात नऊ तास. आता त्यातून वजा करू:

जायचा प्रवास : १ तास
जेवण : १ तास
शहरातल्या शहरात फिरणं : दीड तास
चार ठिकाणी चढणं-उतरणं, मोजणी, स्वच्छतागृह (प्रत्येकी १५ मिनिटं) : १ तास

उरले साडेचार तास. म्हणजे एका ठिकाणाला एक तासाहून थोडं जास्त. मागच्या वर्षी मी आठ ठिकाणं लिहिली होती. तेव्हा चढण्या-उतरण्यातच दोन तास जात होते आणि एका ठिकाणाला अर्धा तासही उरत नव्हता. फळ्यावर हा हिशेब मांडला तेव्हा एक ताई हसून म्हणाल्या, "म्हणजे मागच्या वर्षी तुमचं बजेटच चुकलं होतं की!" अगदी बरोबर. वेळेचंही बजेट असतं.

क्रमही विचार करून लावा. किल्ला सकाळी आधी, कारण नंतर ऊन चढतं आणि पायऱ्यांवर दम लागतो. गुडघे दुखणाऱ्यांनी खाली सावलीत थांबायचं, त्यांच्यासोबत एक जण. राजवाडा दुपारी, कारण आत सावली असते. नारळाची बाग शेवटी.

पायरी ४ : पैसा कुठून आणायचा?

गटाच्या अंतर्गत कर्जाच्या पैशाला हात लावायचा नाही. तो पैसा कुणाच्या तरी बियाण्याचा, दवाखान्याचा असतो. सहलीसाठी वेगळी बचत करा, तिची नोंदही वेगळ्या वहीत ठेवा. आठवड्याला २० रुपये, २५ आठवडे, म्हणजे एकीचे ५०० रुपये. चोवीस जणींचे १२,००० रुपये. फक्त रत्नागिरीच्या एका दिवसाचा नमुना हिशेब असा मांडता येतो (दर तुमच्या वेळचे घाला):

छोटी बस, दिवसभर : ५,५०० रुपये
जेवण, १५० रुपये × २४ : ३,६०० रुपये
चहा-नाष्टा, ४० रुपये × २४ : ९६० रुपये
तिकिटं आणि पार्किंग : ५०० रुपये
औषधपेटी : २४० रुपये
राखीव : १,२०० रुपये
एकूण : १२,००० रुपये

राखीव रक्कम एकूण खर्चाच्या दहाव्या भागाइतकी धरा. उरली तर परत वाटून द्या. गाडी ठरवताना तीन ठिकाणी भाव विचारा. डिझेल, चालकाचं जेवण, टोल हे भाड्यात धरलेत की वेगळे, ते लिहून घ्या.

गावाहून गणपतीपुळ्यापर्यंत एसटीने गेलात तर मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. वयाची ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना एसटी प्रवास मोफत आहे, पण त्यांनी वयाचा पुरावा सोबत ठेवावा. आधार कार्ड सगळ्याच जणींनी घ्या.

पायरी ५ : जबाबदाऱ्या वाटा

मी सोबत होते, पण शिट्टी माझ्याकडे नव्हती. चोवीस जणींचे सहा जणींचे चार गट केले, प्रत्येक गटाला एक प्रमुख. गाडी हलण्याआधी चारही प्रमुखांनी "पूर्ण" असं ओरडायचं. पैसे एकीकडे, पावत्या दुसरीकडे. औषधपेटी एकीकडे. आणि घड्याळ एकीकडे. घड्याळवाल्या ताईंनी दहा मिनिटं आधी हाक द्यायची आणि त्यांचा शब्द शेवटचा.

या घड्याळवाल्या ताईंची गोष्ट सांगायला हवी. त्यांना घरून नकार आला होता. "बायकांची कसली सहल?" असं म्हणून विषय बंद. तेव्हा गटातल्या तिघी त्यांच्या घरी गेल्या. सोबत लिहिलेलं वेळापत्रक नेलं: कुठे, किती वाजता, कोण सोबत, कुणाचा फोन नंबर, परत कधी. सासूबाईंनी नातवाकडून तो कागद वाचून घेतला आणि म्हणाल्या, "एवढं लिवून आणलंय म्हणजे नुसतं हिंडायला चालल्या न्हाईत." वेळापत्रकाचा असाही उपयोग होतो.

पायरी ६ : बोलायला लाजू नका असे विषय

स्वच्छतागृह. कुठे आहे, ते आधी विचारून वेळापत्रकात लिहा. नाही तर बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि मग डोकं दुखतं, चक्कर येते. सॅनिटरी पॅड औषधपेटीत ठेवा. रोजच्या गोळ्या प्रत्येकीच्या पिशवीत हव्यात, मोठ्या बॅगेत नकोत. शुगर असलेल्यांनी चणे, भाकरी जवळ ठेवावी. जेवणाची वेळ एक म्हणजे एकच.

समुद्र. गणपतीपुळ्याचा समुद्र दिसतो शांत, पण तिथे बुडून जीव गेले आहेत. पाय भिजतील एवढ्याच पाण्यात उभं राहायचं, तेही एकटीने नाही. ओलं लुगडं जड होतं आणि लाट पायाखालची वाळू ओढते. जीवरक्षक आणि पाट्या सांगतील ते ऐकायचं.

त्या दिवशी काय शिकलो?

पतितपावन मंदिर १९३१ साली उघडलं. सावरकरांनी पुढाकार घेतला, भागोजीशेठ कीर यांनी पैसा उभा केला. ज्या काळात सगळ्यांना देवळात जाता येत नव्हतं, त्या काळात हे देऊळ सर्व जातींच्या हिंदूंसाठी बांधलं. रत्नागिरीत तेव्हा सगळ्या जातींच्या बायकांची एकत्र हळदीकुंकू होत. हे ऐकून एक मावशी म्हणाल्या, "आपल्या गटात आपण सतरंजीवर एकत्र बसतो, ते काय आपोआप आलं नाही म्हणायचं."

मग थिबा राजवाडा. १८८५ साली इंग्रजांनी ब्रह्मदेश, म्हणजे आजचा म्यानमार, पूर्ण ताब्यात घेतला. तिथल्या थिबा राजाला कुटुंबासह पकडून आधी मद्रासला आणि १८८६ साली रत्नागिरीला आणून ठेवलं. हा राजवाडा त्याच्यासाठी १९१० च्या सुमारास बांधून झाला. १९१६ साली तो इथेच वारला. तीस वर्षांत त्याला मायदेशी जाता आलं नाही. सोबतचे जडजवाहीर विकत, सरकार देईल त्या तनख्यावर त्याला दिवस काढावे लागले. पुढे १९१९ साली कुटुंब परत गेलं, पण थोरली राजकन्या रत्नागिरीला परतली आणि इथलीच होऊन राहिली.

प्रत्येकीने एक तरी प्रश्न विचारायचा, असं आमचं ठरलं होतं. घड्याळवाल्या ताई वरच्या मजल्यावरच्या त्या अर्धगोल नक्षीदार खिडक्यांकडे बघत होत्या. त्यांनी विचारलं, "एवढा राजा, आणि गाव सोडायला परवानगी नव्हती?" नव्हती, असं मी म्हटलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "मग वाडा मोठा असून काय उपयोग?" मग हातातलं घड्याळ बघून त्यांनीच हाक दिली, "चला, दहा मिनिटं राहिली!"

भाट्याला नारळाच्या जाती, रोप कसं निवडायचं, खड्डा केवढा घ्यायचा हे वहीत उतरवून घेतलं. वाटेत प्रत्येक गटाने एकच वस्तू घेतली: आंबापोळी, कोकम, फणसपोळी, कुळथाचं पीठ. खाण्यासाठी नाही, अभ्यासासाठी! पाकिटावर वजन, किंमत, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं आणि १४ अंकी अन्न परवाना क्रमांक आहे का, ते तपासलं. आपल्या चटण्या-पापडांच्या पाकिटावर यातलं काय राहतं, ते चारही गटांनी लिहून काढलं. हिशेबाच्या वहीत सगळ्या पावत्या चिकटवल्या. राखीव रकमेतले ७२० रुपये उरले. प्रत्येकीला तीस-तीस रुपये परत मिळाले.

पुढच्या बैठकीत मी तोच प्रश्न विचारला, "काय काय पाहिलं?" या वेळी बैठक पाऊण तास लांबली.

तुमच्या बैठकीत करून बघा

१. जवळपासचं एक ठिकाण निवडा. चिंचोके घेऊन मतं मोजा आणि प्रत्येकीचं "कशासाठी" लिहा.
२. परतायच्या वेळेपासून उलटं वेळापत्रक मांडा. किती ठिकाणं झेपतात?
३. आठवड्याला किती बचत केली तर किती महिन्यांत पैसे जमतील?
४. गटातल्या कुणाला घरून नकार येऊ शकतो? तिच्या घरी कोण जाईल, काय घेऊन जाईल?
५. घड्याळ कुणाकडे द्याल? जी कधी बोलत नाही, तिच्याकडे द्यायचा विचार करा.

उत्तरं लिहिलेला कागद प्रभागसंघाच्या बैठकीला घेऊन या. आणि हो, पुढची सहल कुठे न्यायची ते मला विचारू नका. तुमचं ठरलं की मला फक्त तारीख कळवा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक