३/४ = ६/८ ? (गणितात हो, गाण्यात नाही!)

एम-थ्रीला बॅक लागलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, ६/८ म्हणजे किती? तो कूस न बदलता सांगेल, ३/४. दोनने भागलं की झालं! याच उत्तरापायी गॅदरिंगच्या आठ दिवस आधी आमचं गाणं पहिल्याच प्रॅक्टिसला आपटलं.

कीबोर्डवर मी. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे स्टाफ नोटेशन वाचता येतं, आणि खरं सांगतो, त्याचा थोडा तोराही होता. तबल्यावर माझा रूममेट, गंगाखेडचा. गावच्या भजनी मंडळात वाजवत मोठा झालेला. नोटेशनचं एक चिन्ह ओळखत नाही. गाणं दादऱ्यातलं. मी ऐटीत कागदावर सुरुवातीलाच ३/४ लिहिलं आणि सुरू झालो. दुसऱ्याच ओळीला तो थांबला. "आरं, मात्रा सहाच हायेत, पन तू जोर भलत्याच जागी द्यायलास!"

चूक कुठे होती ते बघू. पाश्चात्त्य नोटेशनमध्ये ओळीच्या सुरुवातीला एकावर एक दोन आकडे असतात. त्याला टाइम सिग्नेचर म्हणतात. उभ्या रेघांनी गाण्याचे सारखे तुकडे पाडलेले असतात, त्या प्रत्येक तुकड्याला बार म्हणतात. वरचा आकडा सांगतो, एका बारमध्ये किती मोजायचं. खालचा सांगतो, काय मोजायचं : ४ म्हणजे क्रॉचेट, ८ म्हणजे त्याच्या निम्म्या लांबीचा क्वेव्हर. म्हणजे ३/४ मध्ये तीन क्रॉचेट, ६/८ मध्ये सहा क्वेव्हर. लांबी तंतोतंत सारखी! मग फरक कशात?

फरक जोरात आहे. आत्ता करून बघा. एक ते सहा सारख्या गतीने मोजा आणि १, ३, ५ वर टाळी द्या. दोन-दोनचे तीन गट पडले, हा ३/४. आता तसंच मोजा, पण टाळी फक्त १ आणि ४ वर. तीन-तीनचे दोन गट, हा ६/८. दादरा म्हणजे धा धी ना | धा ती ना. हे तीन-तीनच आहे! माझा डावा हात १, ३, ५ वर पडत होता आणि त्याचा 'धा' १ आणि ४ वर. म्हणून टाइम सिग्नेचर हा अपूर्णांक नाही, त्याला छेद देऊन सोपं रूप करायचं नसतं. आणखी एक, त्यावरून गाण्याचा वेगही कळत नाही. लय वेगळी लिहावी लागते.

आपल्याकडे हे गट लिहून ठेवायची पद्धत आहेच. मुंबईत जन्मलेल्या पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांच्या स्वरलिपीत समेला फुली, खालीला शून्य आणि बाकीच्या टाळ्यांना २, ३ असे आकडे देतात. झपतालाच्या दहा मात्रा २+३+२+३, रूपकच्या सात ३+२+२. नुसतं '७' म्हणून भागत नाही, ते कसे फोडायचे हेही सांगावं लागतं. त्रितालाच्या सोळा मात्रा ४/४ चे चार बार करून लिहिता येतील. पण तिसऱ्या बारला 'खाली' येते, हे ४/४ या आकड्यांतून कळणारच नाही. तिथे आपली पद्धत जास्त सांगते.

मी कागदावरचे ३/४ खोडून ६/८ केले, डावा हात बदलला आणि गाणं एकदाचं बसलं. त्या रात्री मेसमधून परत येताना रूममेट म्हणाला, "मला बी हे लिहायला शिकव." त्याचे आजोबा भजनात ज्या चाली म्हणतात, त्या कुठेच लिहिलेल्या नाहीत. त्यांच्यानंतर त्या कुणाला येणार? आता दर रविवारी आमच्या खोलीत क्लास असतो. तो मांडीवर ठेका धरतो, मी वहीत बारच्या रेघा मारतो. तीन चाली उतरवून झाल्या. चुका अजून होतात, पण आता मी आधी त्याच्या हाताकडे बघतो आणि मग आकडा लिहितो.