घडीचा चाकू बोटावर का मिटतो?

गेल्या महिन्यात मी एक घडीचा चाकू विकत घेतला. लाकडी मूठ, ७ सेंमी. लांबीचे पाते, आणि वजन इतके कमी की खिशात आहे हे जाणवूही नये. पाते पूर्ण उघडले की ‘टक्’ असा आवाज होई आणि ते जागच्या जागी घट्ट बसे. त्याने पेन्सिलीला टोक केले, पेरू चिरला, सुतळी कापली. चाकू उत्तम होता! मग कमरेच्या जुन्या पट्ट्याला टोकाने भोक पाडू लागलो आणि पाते एकदम मिटून तर्जनीवर आले. तीन टाके पडले.

चाकूत काही दोष होता का? बोटाची पट्टी सुटल्यावर मी तो नीट तपासला. दोष चाकूचा नव्हता. आठवीत शिकलेला तरफेचा नियम मी विसरलो होतो. तो कसा, ते आता पाहू.

धार म्हणजे काय?

चाकू कापतो तो दाबामुळे. एकक क्षेत्रफळावर पडणारे बल म्हणजे दाब, हे तुम्हांला माहीत आहे. समजा, पात्याची ५० मिमी. लांबी पेरूवर टेकली आहे. पात्याची पाठ २ मिमी. जाड असेल, तर तिच्याखालचे क्षेत्रफळ १०० चौ.मिमी. होईल. धारेची जाडी ०.०१ मिमी. धरली, तर तिच्याखालचे क्षेत्रफळ केवळ ०.५ चौ.मिमी. भरेल. म्हणजे हाताचा जोर तोच असला, तरी धारेखालचा दाब पाठीखालच्या दाबाच्या २०० पट असतो. बोथट चाकूला आपण जास्त जोर लावतो आणि तो सटकला की तोच जोर हाताला भोवतो.

‘टक्’ आवाज कशाचा?

मुठीच्या पाठीशी पोलादाची एक लांब पट्टी असते. ती स्प्रिंगचे काम करते. पाते एका रिव्हेटभोवती फिरते. फिरताना पात्याच्या मुळाचा कोपरा ही पट्टी वर उचलतो. पाते पुरते उघडले की पट्टी मुळाच्या सपाट कडेवर झटकन खाली बसते. तोच तो ‘टक्’ आवाज.

पाते आणि पट्टी दोन्ही पोलादाचीच. पण त्यांना दिलेले ‘पाणी’ वेगळे. साध्या कार्बनी पोलादाच्या चाकूत दोन्ही भाग सुमारे ८००° से. पर्यंत लाल तापवून तेलात बुडवतात. त्यामुळे पोलाद अतिशय कठीण, पण काचेसारखे ठिसूळ होते. मग ते पुन्हा तापवतात. पाते सुमारे २००° पर्यंत तापवले तर त्याचा कठीणपणा बराचसा टिकतो. पट्टी सुमारे ३००° पर्यंत तापवतात. तिचा कठीणपणा थोडा कमी होतो, पण ती न तुटता वाकून पुन्हा सरळ होऊ शकते.

पाते का मिटले?

पेरू चिरताना आपण धारेने पेरूला खाली दाबतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे पेरू धारेला वर दाबतो. हे बल पात्याला उघडण्याच्याच दिशेने ढकलते आणि तिकडे पात्याला अडण असते. म्हणून जितके दाबावे तितके पाते पक्के बसते.

भोक पाडताना गोष्ट उलटते. टोक चामड्यात रुतले, माझा हात किंचित तिरका झाला आणि चामड्याचे बल टोकावर पाठीच्या बाजूने आले. ही मिटण्याची दिशा. इथे अडण नाही. विरोध फक्त पट्टीचा.

तो विरोध किती? टोकाजवळ पाठीवर दोऱ्याचा फास टेकवून मी तो ताणकाट्याने धारेच्या बाजूला ओढला. सुमारे १ किलोचा ताण पडताच पाते मिटू लागले. रिव्हेट हा या तरफेचा टेकू. टोक त्यापासून ७० मिमी. दूर, तर पट्टी पात्याच्या मुळाला दाबते ती जागा केवळ ५ मिमी. दूर. अंतरांचे गुणोत्तर १४. म्हणजे घर्षण सोडून दिले तर पट्टीचा सुमारे १४ किलोचा दाब टोकावरच्या १ किलोने हरतो! भरल्या मनगटाला १ किलोची काय कथा?

कडीचा उपाय

पट्टी नुसता विरोध करते. पाते खरोखर अडवायचे तर कडीच हवी. फ्रान्समधील साव्हॉय भागात १८९० साली जोझेफ ओपिनेल यांनी तयार केलेल्या चाकूला पाठीची स्प्रिंग नसते. १९५५ साली त्याच्या मुठीच्या तोंडाशी फिरणारे धातूचे कडे बसवण्यात आले. पाते उघडून कडे फिरवले की पात्याची परतीची फट बंद होते. मग कडे किंवा रिव्हेट तुटल्याखेरीज पाते मिटत नाही.

करून पाहा

हा नियम तपासण्यासाठी चाकू नको, खोलीचे दार पुरे. जड दाराला बिजागरीपासून १० सेंमी. वर आणि मग ६० सेंमी. वर ताणकाटा लावून ओढा. दार हलू लागताना होणारी दोन्ही मापे लिहून घ्या. दुसरे माप पहिल्याच्या सुमारे एक-षष्ठांश येते का, ते पाहा.

माझा चाकू अजून खिशात आहे. पेरू त्यानेच चिरतो. भोक पाडायला मात्र आता आरी घेतो.