उशिरां तोडलेल्या द्राक्षांचें जर्मन मद्य

पिकलेलें फळ वेलीवर राहूं देऊं नये, असें आपला बागाइतदार मानतो, व तें बहुतेक ठिकाणीं खरेंही आहे. परंतु जर्मनींत ऱ्हाईन व मोझेल या नद्यांच्या कांठीं रीसलिंग जातीचे कांहीं घड मुख्य तोडणी उरकल्यावरही मुद्दाम राखून ठेवितात, आणि त्यांपासूनच तेथील अत्यंत मोलाचें गोड मद्य होतें.

या रीतीच्या प्रारंभाची हकीकत ऱ्हाईनकांठच्या योहानिसबर्ग येथील मळ्याची सांगतात. हा मळा फुल्डा येथील धर्माधिपतीच्या मालकीचा असून त्याची परवानगी आल्याखेरीज तोडणी करतां येत नसे. (हुकुमावांचून पीक हलवूं नये ही रीत आमच्यासारख्या दप्तरांत जन्म घालविलेल्यांस नवी नाहीं!) इ. स. १७७५ सालीं परवानगी आणणारा स्वार फार उशिरां पोंचला. तोंवर मण्यांवर बुरशी चढली होती. तरीही तोडणी केली, व पुढील वसंतांत तें मद्य अपूर्व ठरलें.

या बुरशीस शास्त्रज्ञ बोट्रिटिस सिनेरिया म्हणतात. सकाळीं नदीवरील धुक्यानें ती वाढते व मण्याच्या सालीस अतिसूक्ष्म छिद्रें पाडते. दुपारीं ऊन व कोरडा वारा मिळाला म्हणजे त्या वाटे मण्यांतील पाणी उडून जातें. मणी सुरकुततो, साखर व आम्लता दाट होते. रस आंबूं लागल्यावर किण्वास ती सगळी साखर पचवितां येत नाहीं. म्हणून मद्य गोड राहतें व त्यांत मद्यार्क कमी असतो. मात्र दुपारीं ऊन न पडतां पाऊस लागून राहिला, तर तीच बुरशी घडाचा निव्वळ चिखल करते. आपल्याकडील भुरी व केवडा हे निराळे रोग आहेत; त्यांपासून असला लाभ कदापि होत नाहीं, हें वाचकांनीं पक्कें ध्यानांत ठेवावें.

या मद्यांची प्रतवारी १९७१ च्या कायद्यानें बांधलेली आहे. ती तोडणीच्या तारखेवर नसून रसाच्या वजनावर आहे, हें आम्हांस विशेष पसंत पडलें. एक लिटर रस एक लिटर पाण्याहून जितके ग्रॅम जड, तितके त्याचे अंश. हें माप फर्डिनांड एक्सले याच्या नांवानें चालतें. श्पेटलेझे म्हणजे उशिराची तोडणी, औसलेझे म्हणजे निवडक घड, बीरनऔसलेझे म्हणजे वेचलेले मणी. सर्वांत वरची प्रत वेलीवर मनुकेसारख्या सुकलेल्या मण्यांची. तिला १५० अंशांहून कमी चालत नाहीं. असे मणी हातानें एकेक वेचावे लागतात, म्हणून मजुरी अतोनात पडते.

आईसवाईन याहून निराळें. येथें बुरशी नको, निरोगी घडच हवेत. उणे ७ अंश किंवा त्याहून अधिक थंडी पडली म्हणजे पहाटेच्या अंधारांत घड तोडून गोठलेलेच चरकांत दाबतात. पाण्याचा बर्फ मागें राहून दाट रस तेवढा गळतो. त्या थंडीची वाट पाहतां पाहतां डिसेंबर-जानेवारी उजाडतो, पांखरें मणी खातात, कांहीं घड सडून गळतात. २०१९ च्या हंगामांत हिवाळा इतका ऊबदार गेला कीं, जर्मनीच्या तेराही द्राक्षप्रांतांत आईसवाईनची तोडणी मुळींच झाली नाहीं, व राखलेले घड वायां गेले.